जाड रेघ कुठे पडते

कन्नड मुलखातल्या चामराजपेटेत आमच्या घरात सकाळ व्हायची ती मोगरीच्या आवाजाने. मोगरी म्हणजे लाकडी हातोडी, पटाशीच्या मुठीवर मारायची. टक, टक, मग थोडं थांबून टक. त्या थांबण्यात अण्णा लाकडावरचा भुसा फुंकत असायचे. आवाज सलग आला की आई म्हणायची, आज सरळ रेघा चालल्यात, चहा आत्ता नेऊन दे. आणि आवाज अडखळत आला की म्हणायची, गोलाई आहे, आत्ता जाऊ नकोस, ओरडतील. आई लिहायला वाचायला शिकली नव्हती, पण अण्णा कुठलं अक्षर कापताहेत ते ती स्वयंपाकघरात बसून पुष्कळदा बरोबर सांगायची. मला ते तेव्हा फारसं विशेष वाटलं नाही. सगळ्यांच्या आयांना असं येत असेल असं वाटायचं.

आम्ही मूळचे रंगारी. कापडावर ठसे उमटवायचे आणि ते ठसे कापायचे हा घरचा धंदा, किती पिढ्यांचा कोण जाणे. अण्णांच्या तरुणपणीच छापील कापड गिरण्यांतून यायला लागलं आणि लाकडी ठशाला कोणी विचारेना. मग अण्णा अक्षरांकडे वळले. मागच्या गल्लीत मल्लप्पांचा छापखाना होता. त्यांना भिंतीवर लावायच्या जाहिरातींसाठी वीतभर अक्षरं लागायची, आणि एवढी मोठी अक्षरं शिशात ओतून मिळायची नाहीत. मिळाली तरी उचलायची कुणी? ती लाकडातच कापावी लागत. वेल, कोयरी, मोर कापणारा हात ‘अ’ आणि कन्नडचा ‘ಅ’ कापायला लागला. मल्लप्पा म्हणायचे, अण्णा, तुमच्या अक्षरांना स्वल्प मोराची मान आहे. अण्णांना ते आवडायचं नाही. अक्षराला अक्षराचीच मान असावी म्हणायचे.

घरात मुलगा नव्हता. मी एकटीच. मी आठवीत शाळा सोडली, म्हणजे सुटली, आणि तेव्हापासून पुढच्या खोलीत माझी जागा ठरलेली होती: दाराजवळ, गोणपाटावर. कापून झालेली अक्षरं काचकागदाने घासायची, एरंडेलाचा हात फिरवायचा, उन्हात ठेवायची, आत आणायची. पटाशीला हात लावायचा नाही. असं कोणी मुद्दाम बजावलं नव्हतं हो, पण मुलींनी कापायचं नसतं हे घरातल्या हवेतच होतं. आईनेही उभ्या जन्मात पटाशी धरली नव्हती, आजीनेही नाही. आणि मला तर दुसरं काही नकोच होतं. मला अण्णांच्या त्या बुटक्या पाटावर बसायचं होतं. मुलींना साडी हवी असते, बांगड्या हव्या असतात. मला तो पाट हवा होता, ज्याच्या मधोमध बसून बसून खळगा पडला होता. आज हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा त्यावरून मी उशीत तोंड खुपसून रडलेही आहे.

आमच्या समाजाने नवं सभागृह बांधायला घेतलं होतं. लग्नं-मुंजी, वर्षश्राद्धं सगळ्यांना जागा होईल असं. समाजाचे मुख्य दत्तोबाकाका, उंच, पांढरं धोतर, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर बघणारे. ते एक दिवस लाल कापडात गुंडाळलेली पोथी घेऊन घरी आले. समाजाच्या देवळातली ही हाताने लिहिलेली पोथी आम्ही वर्षातून एकदा लांबून बघत असू. दत्तोबाकाकांचं म्हणणं असं, की सभागृहाच्या वास्तुशांतीची पत्रिका, भिंतीवरची जाहिरात, पुढच्या सगळ्या सूचना, सगळं या पोथीच्या अक्षरात निघालं पाहिजे. इथल्या बाजारात मिळणारी अक्षरं परक्यासारखी दिसतात. आपले पूर्वज इथे आले तेव्हा हातात काय घेऊन आले, तर हे अक्षर. अण्णांनी ‘सरी’, म्हणजे बरं, म्हटलं आणि पोथी दोन्ही हातांत घेतली.

पोथी घरात असेपर्यंत आईने कांदा-लसूण बंद केला. कुणी सांगितलं नव्हतं, तिचं तिनेच. म्हणाली, पाहुणा सोवळ्यातला आहे. मग काय, दोन महिने नुसतं वरण, काकडीची कोशिंबीर, नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडलेले गोळे, आणि ताक. मला तर शेजारच्या घरातून कांद्याच्या फोडणीचा वास आला की पोथी लिहिणाऱ्याचाच राग यायचा. पण अक्षर बघितलं की राग जायचा. काय अक्षर होतं ते. बोरूने लिहिलेलं, काळीभोर शाई, ओळी अशा भरगच्च की मधे बोट ठेवायला जागा नाही, आणि तरी कुठे गर्दी वाटत नव्हती. अण्णा आंघोळ करून पोथी उघडायचे, एक एक अक्षर हेरायचे, तसाच तिरका कत, म्हणजे टोकाला छेद, दिलेल्या बोरूने पतंगाच्या पातळ कागदावर मोठं करून लिहायचे. मग तो कागद पालथा करून खळीने लाकडावर चिकटवायचे आणि वरून तेलाचं बोट फिरवायचे. तेल लागलं की कागद काचेसारखा व्हायचा आणि अक्षर उलटं होऊन वर दिसायचं. छापायचं अक्षर लाकडात उलटंच असावं लागतं, हे तुम्हाला माहीत असेल. मग त्या कागदावरूनच कापायचं.

पण त्या वेळी अण्णांचं कापणं बिघडायला लागलं होतं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, मला मात्र घासताना बोटांना कळत होतं. बारीक रेघेच्या कडेला पटाशी घसरल्याच्या खुणा असायच्या. एकदा ‘घ’ची बारीक रेघ तुटलीच. अण्णांनी तो ठोकळा बाजूला ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, इकडे ये, ही बारीक बाजू तू कर, जाड मी बघतो. असं सुरू झालं. दार लावून घ्यायचो. पाटावर अण्णाच, मी समोर जमिनीवर. पंधरा दिवसांत जाड बाजूही माझ्याकडे आली. अण्णा लिहायचे, चिकटवायचे, मी कापायची. बाहेर मोगरीचा आवाज तसाच. कुणाला काय कळणार? असं मला वाटायचं. आई एक दिवस ताक घुसळताना सहज म्हणाली, हल्ली गोलाईला तू फार घाई करतेस.

मग आनेकलहून निरोप आला की अण्णांच्या धाकट्या बहिणीचे यजमान गेले. अण्णांना तेराव्यापर्यंत तिकडेच राहावं लागणार होतं. जाताना त्यांनी ‘ण’पासून ‘न’पर्यंतची सहा अक्षरं लिहून चिकटवून ठेवली आणि सांगितलं, एवढीच काप, सावकाश काप, बाकीचं मी आल्यावर. सहा अक्षरं माझी चार दिवसांत झाली. पुढे ‘प’पासून ‘ज्ञ’पर्यंत सोळा अक्षरं राहिली होती आणि नऊ दिवस मोकळे होते.

आता माझं शहाणपण ऐका. मला उलटं लिहिता येत होतं. रोज उलटी अक्षरं घासून घासून हाताला ती सवयच लागली होती. मी रांगोळीसुद्धा उलट्या अक्षरांत काढून दाखवायची आणि मैत्रिणी हसायच्या. मग मला वाटलं, हा कागद, ही खळ, हे तेल कशाला? बोरू घ्यावा आणि सरळ लाकडावर उलटं अक्षर लिहून मोकळं व्हावं. अण्णांना नव्हतं येत ते, त्यांना कागद लागायचा. मला येतं. ते येतील तेव्हा सगळी वर्णमाला ओळीने उन्हात मांडलेली असेल आणि मग ते मला पाटावर बसवतील. पोथी उघडायला मात्र धीर होईना. आईला विचारलं. ती माझ्या विचारण्याची वाटच बघत होती. म्हणाली, “त्यांच्या डोळ्यांचं मला ठाऊक नाही असं वाटतं का तुला? सहा महिने झाले, ताटातलं मीठ चाचपून शोधतात. आंघोळ कर आणि उघड.”

नऊ दिवसांत मी सोळा अक्षरं कापली. दिवसभर उजेडाच्या मागे पाट सरकवत, हो, पाटावर बसून. इतकी सुखी मी नंतर लग्नातही नव्हते, हे माझ्या यजमानांनाही मी सांगितलेलं आहे, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही. एकही कड तुटली नाही. एकही रेघ घसरली नाही.

अण्णा आले ते सकाळच्या बसने, आणि ते पाय धूत होते तेवढ्यात दत्तोबाकाका आणि मल्लप्पा दोघेही दारात. वास्तुशांतीला तीन आठवडे उरले होते, काम कुठवर आलं ते बघायला. मी काही बोलायच्या आत आईनेच सांगून टाकलं की सगळी अक्षरं झाली आहेत. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मल्लप्पांनी तिथेच पुढच्या खोलीत अक्षरं ओळीने मांडली, शाईचा रूळ फिरवला, मोठा कागद वर ठेवून तळहाताने दाबून घासला आणि उचलला. ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत सगळी. मल्लप्पा कन्नडमधून म्हणाले, फार छान उतरलंय. दत्तोबाकाका म्हणाले, पोथीच भिंतीवर आली.

अण्णांनी कागद हात लांब करून धरला. जवळ आणला नाही, लांबच धरला. मग उभे राहून खुंटीला अडकवला आणि चार पावलं मागे जाऊन बघत राहिले. मला वाटलं, त्यांना काही दिसत नाहीये आणि ते दिसल्यासारखं करताहेत. मला त्यांची फार दया आली, हे आठवलं की अजून कानकोंडं व्हायला होतं.

“ही अक्षरं माझी नाहीत,” अण्णा म्हणाले. “पोरीनं कापलीत. आणि ‘प’पासून पुढची चुकली आहेत.”

दत्तोबाकाका कागदाजवळ गेले, नाक लावून बघितलं. काना सरळ आहे, शिरोरेघ सरळ आहे, वळणं पोथीतलीच आहेत. त्यांना चूक दिसेना. मला तर मुळीच दिसेना. दत्तोबाकाका जरा चिडून म्हणाले की अण्णा, दिवस थोडे आहेत, आम्हा डोळसांना जे दिसत नाही ते तुम्हाला कुठून दिसतं?

“तुम्हाला अक्षर दिसतं, दत्तोबा. मला आता अक्षर दिसतच नाही,” अण्णा म्हणाले. “दोन्ही डोळ्यांत धुकं आहे. मला नुसता भार दिसतो. ‘न’पर्यंत भार एका अंगाला आहे. ‘प’पासून तो दुसऱ्या अंगाला गेलाय.”

इतके महिने लपवलेली गोष्ट त्यांनी अशी, पाय ओले असताना, उभ्या उभ्या सांगून टाकली. ज्याला दिसत नाही त्याला अक्षरं कापायला कोण देतं? हे त्यांना माहीत होतं. ती सोळा अक्षरं तशीच जाऊ दिली असती तर कुणालाही कळलं नसतं. दत्तोबाकाकांनी मग साहजिक तेच विचारलं, की दिसत नाही तर पुन्हा कापणार कोण. नाहीतर मी सरळ शिशाची तयार अक्षरं मागवतो, लहान तर लहान.

“तीच कापेल,” अण्णा म्हणाले. “चूक तिची आहे, निस्तरेलही तीच.”

दत्तोबाकाका प्रथमच माझ्या खांद्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते. पोरीनं, असं काहीसं पुटपुटले. मग पंधरा दिवसांची मुदत देऊन निघून गेले. सोळाव्या दिवशी शिसं.

मल्लप्पा मागे रेंगाळले. त्यांनी हळूच विचारलं, ही चुकलेली काय करणार? चुलीत, अण्णा म्हणाले. मल्लप्पांनी ती धोतराच्या ओच्यात भरली. माझ्याकडे ‘न’पर्यंतचे जुने ठसे आहेत, ही पुढे लावीन, ढेकणांच्या पावडरीच्या जाहिरातीला कोण भार बघतंय, म्हणाले. आणि खरंच, पुढे वीस-एक वर्षं गावातल्या हिंदी-मराठी जाहिराती माझ्या त्या चुकीत छापून निघत होत्या. ढेकणांची पावडर, सर्कस, शिवणयंत्रं. मी बाजारातून जाताना मान खाली घालून जायची.

हे सगळं मी कधी लिहिलं नसतं, पण दोन वर्षांपूर्वी आर्या नावाची एक मुलगी घरी आली. पुण्याची, राहते इथेच बनशंकरीला, आणि काम काय तर कॉम्प्युटरसाठी अक्षरं बनवते. मी म्हटलं, बस, आपण एकाच धंद्यातल्या. तिने रद्दीच्या दुकानातून मल्लप्पांच्या जुन्या जाहिराती मिळवल्या होत्या आणि त्यावरून सगळी वर्णमाला नव्याने काढली होती. मोबाईलवर दाखवली. ‘ज्ञ’ बघितला आणि ओळखलं. आपलं मूल आपण गर्दीतही ओळखतो. तिने त्या अक्षरांबरोबर माहितीही लिहिली होती, की दक्षिणेत आलेल्या मराठी लोकांची बोरू धरण्याची वेगळी परंपरा असावी, म्हणून यातल्या पुष्कळ अक्षरांत जाड रेघ उलट्या अंगाला पडते. मोठ्या आदराने विचारलं, “आजी, हे ट्रेडिशन नक्की कुठून आलं? म्हणजे फॅमिलीत होतं का?” मी म्हटलं, “नाही ग बाई, हे माझं पंधराव्या वर्षीचं शहाणपण.” चहा सांडेपर्यंत हसले मी. ती मात्र हसली नाही, पोरगी हिरमुसली. दोन वर्षं खपली होती बिचारी. मग हळूच म्हणाली, मग मी ते करेक्ट करू का? मी दोन दिवस विचार केला आणि फोन करून सांगितलं, राहू दे, गावाने ती अक्षरं वीस वर्षं वाचलीत, आता ती गावाचीच झाली. फक्त परंपरा हा शब्द काढ आणि कसं घडलं ते खरं लिही. नाव घालू का म्हणाली. मी म्हटलं माझं घाल, पण अण्णांचं तिथे चुकूनही येऊ देऊ नकोस. तिने तसं केलं.

पण मी त्या सकाळचं सांगत होते. सगळे गेल्यावर मला वाटलं आता अण्णा ओरडतील. त्यांनी मला बोरू घ्यायला सांगितलं. कागदावर सरळ ‘र’ लिहायला लावला. मग दुसऱ्या कागदावर उलटा ‘र’ लिही म्हणाले. लिहिला. मग तो दुसरा कागद उचलून खिडकीच्या उजेडाकडे पालथा धरायला सांगितला, आणि मला दिसलं. बोरूचा कत तिरका असतो, म्हणून आपल्या अक्षरात उजवीकडून डावीकडे उतरणारी रेघ जाड येते आणि डावीकडून उजवीकडे घसरणारी बारीक. मी अक्षर उलटं केलं, पण हात आणि बोरू काही उलटे झाले नव्हते. त्यामुळे लाकडावर जे बरोबर दिसत होतं ते छापल्यावर जाडाच्या जागी बारीक आणि बारीकच्या जागी जाड होऊन आलं. उभ्या-आडव्या रेघांना काही झालं नव्हतं, म्हणून कुणाला कळलं नाही. अण्णांचा तो पालथा कागद मी अडाण्याची सोय समजत होते, आणि सगळी अक्कल त्या कागदात होती. अण्णा एवढंच म्हणाले, “मला उलटं लिहिता येतं. मी लिहीत नाही.”

पंधरा दिवसांत सोळा अक्षरं. पुन्हा पतंगाचा कागद, पुन्हा खळ, पुन्हा तेल. या वेळी लिहायची मी, कारण अण्णांना आता बोरूचं टोकही दिसत नव्हतं. मी लिहिलेला प्रत्येक कागद ते लांब धरायचे आणि नुसतं हं किंवा अं हं म्हणायचे. ‘श’ला सात वेळा अं हं आलं. आठव्यांदा मी रडत लिहिला, तर हं म्हणाले. दार उघडंच ठेवायचो आता. येणारे-जाणारे डोकावायचे, समोरची अक्का तर रोज भाजी निवडायला आमच्या पायरीवरच येऊन बसायची, पोरगी काय करते ते बघायला. मी मात्र जमिनीवरच बसत होते. पाटाकडे बघायचीही माझी हिंमत नव्हती. अण्णाही त्यावर बसत नव्हते. भिंतीला टेकून बसायचे. पाट मधे रिकामा पडलेला असायचा आणि आम्ही दोघं त्याला वळसा घालून ये-जा करायचो.

चौदाव्या दिवशी ‘ज्ञ’ झाला. मल्लप्पांनी पुन्हा कागद घासून काढला, अण्णांनी पुन्हा खुंटीला लावून चार पावलं मागे जाऊन बघितला. खूप वेळ बघितला. मी मल्लप्पांच्या तोंडाकडे बघत होते आणि मल्लप्पा अण्णांच्या. मग अण्णांनी कागद काढला, त्याची घडी केली आणि दत्तोबाकाकांकडे पोचवायला मल्लप्पांच्या हातात दिला. मला तर ते बरोबर झालं की पुन्हा चुकलं तेही कळेना. मल्लप्पा दारापर्यंत जाऊन थांबले. त्यांच्याकडे आणखी एक काम होतं, नाटकाची जाहिरात, कन्नडमधली, आणि अण्णांच्या डोळ्यांचं कळल्यापासून ते विचारायला संकोचत होते. मलाच कसंबसं विचारलं, की मग ते आता दुसरीकडे देऊ का.

अण्णा वाकले. हाताने चाचपत त्यांनी पाट शोधला, खिडकीच्या उजेडात सरकवला आणि त्याच्यावरचा भुसा पंच्याने झटकला. मग मागे सरून भिंतीला टेकून बसले.

“उद्या आणून टाका,” ते मल्लप्पांना म्हणाले, आणि मग माझ्याकडे तोंड करून, “कन्नडात सगळी गोलाई असते. घाई करू नकोस.”